एकाचा गुन्हा, दुसऱ्याचा महसूल

१ मार्च १९४९ ते ३१ ऑक्टोबर १९५६ ही सुमारे पावणेआठ वर्षे सोडली, तर गारगोटी आणि निपाणी ही दोन गावे गेल्या शे-दीडशे वर्षांत एका सरकारच्या पोलिसांखाली कधी आलीच नाहीत. आधी गारगोटी कोल्हापूर संस्थानात होती आणि निपाणी ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात. संस्थान विलीन झाले आणि दोन्ही गावे मुंबई राज्यात आली. मग राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे गेला आणि पुसलेली हद्द पुन्हा आखली गेली. वेदगंगा मात्र तेव्हाही भुदरगडातून निघून निपाणीकडे वाहत होती, आजही वाहते. मुदाळ तिट्ट्यावर उभे राहिले की एक रस्ता कोल्हापूरला जातो, एक गारगोटीला, एक राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कोकणात आणि एक निपाणीला. गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र अशी तीन सरकारे या तिट्ट्यापासून काही तासांच्या अंतरात येतात. गुन्हा करणाऱ्याला यातले कुठलेच सरकार परके नसते. पोलिसाला मात्र प्रत्येक हद्दीवर थांबून विचारावे लागते.

हे विचारणे कसे सोपे करायचे, हा प्रश्न नवा नाही. राज्याराज्यांत, देशादेशांत गुन्हे रोखण्यासाठी करार होतात, समित्या नेमल्या जातात, बैठका होतात. त्यांपैकी काही चालतात, बरेच कागदावर राहतात. माझे म्हणणे एवढेच आहे, की करार चालतो की नाही हे त्यातल्या कलमांवरून ठरत नाही. ज्या गुन्ह्यात दोन्ही बाजूंचे नुकसान असते तिथे अर्धवट करारही चालून जातो. एकाचा गुन्हा हा दुसऱ्याचा महसूल किंवा दुसऱ्याचा पाहुणा असेल, तर उत्तम लिहिलेला करारही दप्तरात पडून राहतो.

या भागातला असा जुना दाखला समुद्रावरचा आहे. १८१२ साली कोल्हापूरने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला, मालवण सोडले आणि चाचेगिरी थांबवण्याचे कबूल केले. त्याच वर्षी सावंतवाडीशीही तसाच तह झाला आणि वेंगुर्ले कंपनीकडे गेले. आजच्या भाषेत याला गुन्हेप्रतिबंधाचा करार म्हणता येईल. पण ‘चाचे’ हा शब्द कंपनीचा. किनाऱ्यावरच्या सत्तांच्या दृष्टीने ती आपल्या पाण्यातली वसुली होती. एकाने दुसऱ्याच्या वसुलीला गुन्हा ठरवले आणि बळाच्या जोरावर ते कागदावर उतरवून घेतले. हा करार मात्र चालला, कारण तो पाळून घ्यायला कंपनीचे आरमार होते.

बत्तीस वर्षांनी उलट चित्र दिसले. १८४४ साली सामानगड आणि भुदरगडाच्या गडकऱ्यांनी बंड केले आणि ते सावंतवाडीपर्यंत पसरले. ब्रिटिशांनी गड घेतले, पण बंडातली फोंड सावंतांसारखी मंडळी घाट उतरून गोव्यात गेली. पोर्तुगीज त्यांना परत देईनात. कंपनीच्या लेखी ते बंडखोर, गोव्याच्या लेखी राजकीय आश्रित. गुन्हेगार सोपवण्याच्या प्रत्येक करारात ही फट आजतागायत आहे.

ती फट जगासमोर आली तीही एका मराठी माणसामुळे. विनायक दामोदर सावरकरांना मार्च १९१० मध्ये लंडनला अटक झाली आणि पळून गेलेल्या आरोपींसाठीच्या १८८१ च्या साम्राज्यांतर्गत कायद्याखाली त्यांना हिंदुस्थानात धाडण्यात आले. ८ जुलैला मार्सेलिसच्या बंदरात ते बोटीतून निसटले. फ्रेंच भूमीवर त्यांना फ्रेंच पोलिसाने पकडले आणि बोटीवरच्या ब्रिटिश पहाऱ्याच्या हवाली केले. पुढे फ्रान्सने त्यांना परत मागितले आणि प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल सांगतो, की हवाली करण्यात अनियमितता झाली, पण तेवढ्यावरून ब्रिटनवर त्यांना परत करण्याचे बंधन येत नाही. मला या प्रकरणात निकालापेक्षा त्याच्या आधीची एक बाब महत्त्वाची वाटते. बोट मार्सेलिसला लागणार म्हणून लंडन आणि पॅरिसच्या पोलिसांत आधीच पत्रव्यवहार झाला होता. बंदरातल्या त्या फ्रेंच शिपायाच्या कृतीवर त्या पूर्वसंमतीची छाया होती आणि लवादाने ती हिशेबात धरली. म्हणजे दोन देशांमधला तह बाजूला राहिला आणि दोन पोलीस मुख्यालयांमधल्या पत्रांनी एका माणसाच्या नशिबाचा निकाल लावला. हे चांगले झाले की वाईट, हे ज्याच्या त्याच्या राजकारणावर ठरेल. पण सहकार्य बहुतेक वेळा असेच चालते.

संस्थानी काळात गारगोटीहून निपाणीला पळालेला चोर हासुद्धा कायद्याने प्रत्यार्पणाचा विषय होता. १९०३ च्या प्रत्यार्पण कायद्यात ब्रिटिश हद्दीत लपलेल्या संस्थानी आरोपीसाठी पोलिटिकल एजंटाचे वॉरंट जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे जायचे आणि कुठल्या गुन्ह्यांना ते लागू आहे याची यादीही कायद्याला जोडलेली होती. म्हणजे बैल चोरून माणूस नदीकाठाने खाली गेला, तरी कागद आधी साहेबाच्या टेबलावर. याचा फायदा चोरांइतकाच देशभक्तांनीही घेतला. साताऱ्याच्या प्रतिसरकारला औंध संस्थानात आसरा मिळायचा तो यामुळेही. १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर हल्ला झाला आणि सात जण हुतात्मा झाले, तेव्हा संस्थानाच्या दप्तरात तो सरकारी खजिन्यावरचा दरोडाच होता. आज त्याच मातीत त्यांचे स्मारक आहे. हद्दीची अडचण पोलिसांना वाटते तेवढी नेहमी वाईट नसते, हे भुदरगडकराला वेगळे सांगायला नको.

इथे वासुदेव बळवंत फडक्यांचीही आठवण येते. १८७९ च्या जुलैमध्ये ते आजच्या विजापूर जिल्ह्यातल्या देवर नावडगीत पकडले गेले. पाठलागात मेजर डॅनियलबरोबर निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक होते. ब्रिटिश आणि निजाम या दोन्ही सरकारांना फडके नको होते. दोघांचे नुकसान एकच असले की हद्द कशी विरघळते, त्याचा हा नमुना.

स्वातंत्र्यानंतर प्रत्यार्पण उरले नाही, देश एक झाला. पण पोलीस हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे ठेवला. केंद्राच्या सूचीतली ८० क्रमांकाची नोंद पाहण्यासारखी आहे. एका राज्याच्या पोलिसांचे अधिकार दुसऱ्या राज्यात वाढवता येतात, पण त्या दुसऱ्या राज्याच्या संमतीनेच. सीबीआयलाही हाच नियम लागतो. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये सीबीआयला दिलेली सरसकट संमती काढून घेतली आणि सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये परत दिली. कर्नाटकाने सप्टेंबर २०२४ मध्ये काढून घेतली. संमती हे शस्त्र आहे आणि ते गुन्हेगारांपेक्षा एकमेकांवरच जास्त उगारले जाते.

असे असले तरी रोजचे काम अडत नाही, कारण फौजदारी प्रक्रियेने पोलिसाला पाठलागाची मुभा दिलेली आहे. विनावॉरंट अटक करता येईल अशा आरोपीच्या मागे तो भारतात कुठेही जाऊ शकतो. जुन्या संहितेत होते, तेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. प्रत्यक्षात हे असे होते. महाराष्ट्रातले पथक कर्नाटकात हुक्केरीला निघते तेव्हा वरिष्ठांची परवानगी घेते आणि स्टेशन डायरीत नोंद करते. तिथे पोचल्यावर स्थानिक ठाण्यात जाऊन पुन्हा नोंद होते आणि तिथला एखादा हवालदार सोबत मागितला जातो, कारण गल्ली त्याला माहीत असते आणि कानडीही त्यालाच येते. अटक झाली की वैद्यकीय तपासणी, मग तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे ट्रान्झिट रिमांड. चोवीस तासांच्या मुदतीत प्रवासाचा वेळ धरत नाहीत. वॉरंटावरची अटक असेल तर आणखी एक सोय आहे. वॉरंट काढणारे न्यायालय अटकेच्या जागेपासून तीस किलोमीटरच्या आत असेल, तर मध्ये थांबण्याची गरज नाही. कागलच्या न्यायालयाचे वॉरंट आणि निपाणीत सापडलेला आरोपी हे गणित तीस किलोमीटरांत सहज बसते. कायदा करणाऱ्याला सीमेवरची गावे माहीत होती असे कधी कधी वाटते, ते अशा कलमांमुळे. आरोपीच्या बाजूनेही एक दार उघडले आहे. कर्नाटकातून आलेल्या प्रिया इंदोरिया प्रकरणात नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की गुन्हा दुसऱ्या राज्यात नोंदला असला तरी माणूस जिथे आहे तिथले न्यायालय त्याला थोड्या मुदतीचा अटकपूर्व जामीन देऊ शकते.

म्हणजे पकडण्यासाठी वाट आहे. रोखण्यासाठी मात्र नाही.

तडीपारीचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली सराईत गुंडाला जास्तीत जास्त दोन वर्षे जिल्ह्याबाहेर, शेजारच्या जिल्ह्यांबाहेरही घालवता येते. पण हा आदेश महाराष्ट्राच्या नकाशापुरताच. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग एवढी नावे आदेशात घालता येतात, बेळगाव घालता येत नाही. मग माणूस संकेश्वरला किंवा निपाणीला भाड्याने खोली घेतो आणि तिथून फोनवर धंदा चालवतो. गारगोटीहून तासाभराचा रस्ता. आपल्या दृष्टीने गुन्हा टळला, शेजाऱ्याच्या दृष्टीने एक गुंड वाढला. उलट दिशेनेही हेच घडते. तडीपाराचे नाव, फोटो आणि नवा पत्ता शेजारच्या राज्यातल्या ठाण्याला त्याच दिवशी कळवणे बंधनकारक करणारा एक पानाचा करार इथे मोठमोठ्या परिषदांपेक्षा उपयोगी पडेल. देशभरातली पोलीस ठाणी सीसीटीएनएस या प्रणालीने जोडलेली आहेत, यंत्र तयार आहे. पण यंत्रात माहिती असणे वेगळे आणि समोरच्या ठाणेदाराने ती आपल्या कामाची मानणे वेगळे.

परिषदांचे म्हणाल, तर त्यांतही गंमत आहे. राज्याराज्यांनी बसून बोलावे म्हणून १९५६ च्या पुनर्रचना कायद्यानेच विभागीय परिषदा केल्या. मूळ कायद्यात पश्चिम विभागात मुंबई आणि म्हैसूर ही दोन्ही राज्ये एकत्र होती. नंतर म्हैसूर दक्षिण विभागात गेले. आज महाराष्ट्र, गोवा, गुजरात एका टेबलावर बसतात, कर्नाटक दुसऱ्या टेबलावर. ज्या शेजाऱ्याशी बोलण्याची सर्वांत जास्त गरज, तोच आपल्या बैठकीत नाही. मग वेगळ्या वाटा काढाव्या लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांचे राज्यपाल सीमाभागातल्या जिल्हाधिकाऱ्यांना घेऊन कोल्हापुरात बसले. महिनाभराने सीमाप्रश्नावरून गाड्यांच्या काचा फुटल्या आणि दोन्हीकडच्या बसगाड्या बंद पडल्या. १४ डिसेंबरला दिल्लीत अमित शहांसमोर दोन मुख्यमंत्री बसले, तेव्हा प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरली आणि सीमेवरची कायदा-सुव्यवस्था सांभाळण्यासाठी वरिष्ठ आयपीएस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली आणखी एक समिती ठरली. हा दोन राज्यांमधला शब्दशः गुन्हे रोखण्याचाच समझोता होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावात बस कंडक्टरला मारहाण झाली आणि गाड्या पुन्हा थांबल्या. त्या दिवसांत कोगनोळी नाक्यावर अडकलेल्या माणसाला त्या समितीचे नाव विचारून पाहायला हवे होते.

निवडणुकीच्या हंगामात मात्र हीच यंत्रणा सुतासारखी सरळ चालते. आयोगाचा दट्ट्या असतो, दोन्हीकडचे पोलीस अधीक्षक एकत्र बसतात, नाकाबंदीच्या वेळा जुळवतात, फरारी आणि वॉरंटांच्या याद्या हातोहात दिल्या-घेतल्या जातात. निकाल लागला की ज्याची नाकाबंदी त्याच्याकडे.

समन्वय नसण्याची किंमत कोल्हापूरने एकदा फार जवळून मोजली आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला पानसरे गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी. ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरूत गौरी लंकेश. चार खून, दोन राज्ये आणि तपास यंत्रणा मात्र वेगवेगळ्या: एकाकडे सीबीआय, एकाकडे महाराष्ट्राचे विशेष पथक, एकाकडे कर्नाटकाची सीआयडी. गोळ्या आणि पुंगळ्या या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत फिरत राहिल्या. स्कॉटलंड यार्डचे नाव मुंबई उच्च न्यायालयात पुन्हा पुन्हा निघाले, तिथला अहवाल काही आला नाही आणि काम शेवटी गुजरातमधल्या प्रयोगशाळेकडे गेले. गाडी हलली ती लंकेश प्रकरणातल्या कर्नाटकाच्या विशेष पथकामुळे. त्यांच्या अटकसत्रातून महाराष्ट्राकडे धागे आले, ऑगस्ट २०१८ मध्ये महाराष्ट्र एटीएसने नालासोपाऱ्यात स्फोटके आणि शस्त्रे पकडली आणि त्याच महिन्यात दाभोलकर प्रकरणात नवी अटक झाली. १० मे २०२४ ला पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडले. धागा हाती यायला पाच वर्षे लागली आणि त्या पाच वर्षांत आणखी तीन माणसे मारली गेली. तिसऱ्या खुनानंतरच दोन्ही राज्यांचे एक पथक आणि एकच प्रयोगशाळा ठरली असती, तर चौथा टळला असता असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण तसे ठरले नाही, हे ठामपणे म्हणता येते.

कायदा दोन्हीकडे सारखा असला की प्रश्न सुटतो, असा एक समज आहे. गर्भलिंगनिदानाचा १९९४ चा कायदा केंद्राचा आहे, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात अक्षर न् अक्षर तोच. तरी मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले आणि तपास सीमेपलीकडे कागवाड, विजापूरपर्यंत गेला. तपासणी एका राज्यात, गर्भपात दुसऱ्या राज्यात, अशी वाटणीच होती. छापा घालणाऱ्या समुचित प्राधिकाऱ्याचा अधिकार जिल्ह्याच्या वेशीवर संपतो हे एजंटांना पाठ असते. उलट देवदासी प्रथेबाबत कायदेच मागेपुढे झाले. कर्नाटकाचा कायदा १९८२ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर तिकडे आणि मुली सोडणारी गावे दोन्हीकडे, गडहिंग्लज-चंदगडचीही.

देशाबाहेरच्या करारांतही हेच दोष मोठ्या आकारात दिसतात. पोर्तुगालचेच पाहा. मुंबई बॉम्बस्फोटांतल्या अबू सालेमला पोर्तुगालने नोव्हेंबर २००५ मध्ये भारताच्या ताब्यात दिले, तेव्हा दोन देशांत प्रत्यार्पणाचा तहच नव्हता. फाशी देणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त डांबणार नाही, अशा हमीवर काम झाले. पुढे भारताने नवे आरोप लावल्यावर अटी मोडल्याचे पोर्तुगालच्या न्यायालयांनी म्हटले. ११ जुलै २०२२ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या पंचवीस वर्षांच्या शब्दाला केंद्र सरकार बांधील असल्याचे सांगितले. मुंबईच्या बॉम्बस्फोटांत ज्यांची माणसे गेली त्यांना हे कडू लागणार. पण शब्द मोडणाऱ्या देशाला पुढचा आरोपी कोण देईल? सायबर गुन्ह्यांत तर एवढाही वेळ नसतो. १९३० या मदत क्रमांकावर फोन लावेपर्यंत पैसे तीन राज्यांतल्या खात्यांतून फिरून बाहेर गेलेले असतात आणि परदेशातल्या सर्व्हरचा तपशील विनंतीपत्राच्या वाटेने यायला महिने जातात. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०२४ मध्ये सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार मंजूर केला खरा, पण त्याची फळे भुदरगडच्या ठाण्यापर्यंत यायला अवकाश आहे.

आता दारू. या भागात राज्यांच्या सहकार्याची खरी परीक्षा तिथेच होते. ‘गोवा बनावटीची दारू’ हे शब्द कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या पेपरात आठवड्याला नाही दिसले तर चुकल्यासारखे वाटावे. आंबोली उतरा की फोंडा, घाटाच्या तोंडाशी राज्य उत्पादन शुल्कचे भरारी पथक असतेच. टेम्पोत वर काजूची टरफले किंवा भाजीचे क्रेट, खाली चोरकप्प्यात खोकी. पंचनामा होतो, वाहनासह मुद्देमाल जप्त होतो, दारूबंदी अधिनियमाखाली ड्रायव्हरवर गुन्हा दाखल होतो. ड्रायव्हर बहुधा नवखा, माल कुणाचा ते त्याला ठाऊक नसते आणि असले तरी तो सांगत नाही. २०२२ मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री शंभूराज देसाई यांनी वारंवार सापडणाऱ्यांना मोक्का लावण्याची भाषा केली होती. पण ती बाटली गोव्यात रीतसर बनते, रीतसर विकली जाते, गोव्याला तिच्यावर कर मिळतो. बाटली गुन्हा होते ती बांद्याच्या पुढे. गोव्याच्या पोलिसाने आपल्याच दुकानदाराचे गिऱ्हाईक का अडवावे?

या प्रश्नाचे उत्तर एकदा शोधले गेले होते, हे विसरले गेले आहे. ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी आपल्या हिंदुस्थानातल्या मुलखांपुरता २६ डिसेंबर १८७८ ला लिस्बनमध्ये तह केला. तो व्यापाराचाही होता आणि गुन्हेगार परस्परांच्या हवाली करण्याचाही. दोन मुलखांमधली जकात उठवली गेली, गोव्याची आबकारी मुंबई इलाख्याच्या पद्धतीला जुळवून घेतली गेली, मीठ ब्रिटिशांच्या देखरेखीखाली आले आणि पोर्तुगीजांना त्यापोटी वर्षाला चार लाख रुपये ठरले. दर जुळवले की चोरट्या मालाचा नफाच संपतो, एवढा साधा हिशेब. तो गोमंतकीयांना फार महाग पडला. मिठागरवाले आणि माडी काढणारे नाडले गेले, ओरड झाली आणि १८९२ च्या जानेवारीत तह संपला. साम्राज्याने दुबळ्या शेजाऱ्याच्या गळी उतरवलेला करार म्हणून त्याला नावे ठेवता येतात, ठेवलीही पाहिजेत. तरी घाटात पहारे वाढवण्याआधी दोन बाजूंचे दर एकत्र बसून पाहावेत आणि ज्याचा महसूल बुडतो त्याची भरपाई ठरवावी, ही अक्कल त्यात होती.

आज बाकी बहुतेक माल वस्तू आणि सेवा कराखाली सगळ्या राज्यांत सारख्या दराने चालतो. दारू त्यातून बाहेर ठेवली आहे, कारण तो महसूल कुठलेच राज्य सोडायला तयार नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले. तिजोरीसाठी निर्णय समजण्यासारखा आहे. त्याने गोव्याच्या आणि इथल्या बाटलीच्या किमतीतले अंतर आणखी वाढले आणि घाटमाथ्यावरच्या भरारी पथकाच्या हाती पूर्वीचीच जीप राहिली.